कोकणातली ख्रिस्ती जागृती: प्रार्थनेचा गावकीशी संबंध काय?

धर्म थकतो आणि पुन्हा जागा होतो, हे मराठी माणसाला वेगळं पटवून द्यावं लागत नाही. कर्मकांड साचलं, ज्ञान मूठभरांच्या मुठीत गेलं, मग कुणीतरी लोकांच्या भाषेत बोलू लागलं आणि वाळवंटात माणसं जमली, हा इतिहास आपल्याला लहानपणापासून ऐकून ठाऊक असतो. ख्रिस्ती धर्मातही असं वरचेवर घडत आलंय. प्रोटेस्टंट मंडळी त्यासाठी संजीवन सभा भरवतात, कॅथलिक लोक श्रद्धेचं नवीकरण म्हणतात. गोष्ट एकच. सवयीनं रविवारी चर्चला जाणारा माणूस एक दिवस तिथे ऐकलेलं मनावर घेतो.

पण मनावर घेणं ही ज्याची त्याची खासगी बाब झाली. तिचा शाळेशी, बँकेशी, पाण्याच्या टँकरशी संबंध कसा लागतो? हे समजून घ्यायला कोकण किनाऱ्यासारखी जागा नाही. इथे ख्रिस्ती धर्म एकदा राज्यकर्त्यांचं बोट धरून आला आणि नंतर राज्य हातात नसतानाही रुजला, वाढला. दोन्हींचा जमाखर्च आपल्यासमोर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. हुकुमाच्या जोरावर इथे जे झालं त्यातलं लोकांच्या उपयोगी फार थोडं पडलं. सभा घेणं, वर्गणी काढणं, हिशेब लिहिणं, पोरांना वाचायला शिकवणं अशा किरकोळ वाटणाऱ्या कामांतून जे उभं राहिलं, ते पुढे सगळ्यांच्या उपयोगी पडलं.

हुकूम आणि ओव्या

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहानं वसई पोर्तुगिजांना दिली. किल्ल्यात चर्चवर चर्च उभी राहिली. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय बसलं, ते मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. श्रद्धा तपासायला कोतवाल नेमला की काय होतं, त्याचा हा नमुना. १६८४ मध्ये तर व्हाइसरॉयनं स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोला, असं फर्मान काढलं. (ते किती पाळलं गेलं, हे गोव्यातल्या कुठल्याही मासळी बाजारात आजही कानावर पडतं.)

गंमत म्हणजे त्याच राजवटीत थॉमस स्टीफन्स नावाच्या, जेझुइट या कॅथलिक संघातल्या इंग्रज पाद्र्यानं मराठी शिकून दहा हजारांहून जास्त ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं आणि १६१६ मध्ये ते छापलं गेलं. छपाई रोमन लिपीत, पण छंद आपला. फर्मान इतिहासाच्या पुस्तकात उरलं, ओव्या मात्र गावोगाव गायल्या गेल्या.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज सत्ता उत्तर कोकणातून गेली. तिच्याबरोबर इथले ख्रिस्तीही संपतील, असं कुणालाही वाटलं असतं. ते संपले नाहीत. वाड्या, भातशेती आणि होड्या सांभाळत, स्थानिक धर्मगुरूंच्या आधारानं ते राहिले. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा आपापल्या बोली त्यांनी सोडल्या नाहीत आणि लुगडंही सोडलं नाही. तिकडे रेवदंड्याजवळच्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली अजून घराघरांत बोलली जाते.

गवताच्या गंजीतून निघालेली बोट

दुसरी लाट आली ती प्रोटेस्टंटांची, आणि तिचं मूळ इंग्लंड-अमेरिकेतल्या जागृतीत आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढे तिकडे एक विचार जोरात पसरला. जन्मानं ख्रिस्ती असून भागत नाही, माणसानं स्वतः पश्चात्ताप करावा, स्वतः बायबल वाचावं आणि ते वागण्यात दिसावं. या वागण्यात दिसण्याच्या आग्रहातून मंडळांचं पेव फुटलं. गुलामगिरीविरोधी मंडळ, तुरुंग सुधारणा मंडळ, दारूबंदी मंडळ, रविवारच्या शाळा. विल्यम विल्बरफोर्स आणि त्याच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या करून १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेकडून गुलामांचा व्यापार बंद करवला, तो या वातावरणातून. त्याच गटानं ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेत मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी करून घेतली. कंपनीला ते नको होतं. धर्माच्या भानगडीत धंदा बुडेल, ही भीती.

अमेरिकेची गोष्ट आणखी मजेदार आहे. १८०६ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी मोकळ्यावर प्रार्थनेला जमले होते. वादळ आलं, तेव्हा त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला आणि तिथेच परदेशी जायचं ठरवलं. त्यातून १८१० मध्ये परदेशी मिशनरी धाडणारं अमेरिकन बोर्ड स्थापन झालं आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. सरकारनं त्यांना परत धाडायचा हुकूम काढला होता. कसंबसं राहायला मिळालं, आणि पुढे अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. १८४२ मध्ये सुरू झालेलं ज्ञानोदय हे नियतकालिक त्याच मिशनचं.

खुद्द कोकणात आले ते स्कॉटिश. १८२३ मध्ये त्यांनी बाणकोट आणि हर्णैला ठाणं मांडलं आणि आसपासच्या गावांत शाळा काढल्या. धर्मांतरं फारशी झाली नाहीत. लोकांना पोरांसाठी अक्षरओळख आणि हिशेब हवा होता; येशूचं तेवढं त्यांनी चालवून घेतलं. काही वर्षांत मिशनऱ्यांनी आपला मुक्काम पुण्या-मुंबईला हलवला. डोकी मोजायची तर हा प्रयोग फसलाच म्हणायचा.

डोकी मोजणं हेच इथे चुकीचं आहे, असं मला वाटतं. प्रत्येकानं स्वतः बायबल वाचायचं, असं एकदा म्हटलं की बाईनं वाचायला हवं आणि महारवाड्यातल्या पोरानंही वाचायला हवं. सोय म्हणून नव्हे, सिद्धान्त म्हणून. मग शाळा काढावी लागते, पुस्तकं स्वस्तात छापावी लागतात, त्यासाठी छपाईच्या अक्षरांचे खिळे पाडावे लागतात, व्याकरण आणि कोश करावे लागतात. ही साखळी एकदा सुरू झाली की कुठे थांबेल ते सुरू करणाऱ्याच्या हातात राहत नाही. जोतिराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण त्यांनी काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि विरोधकांनीही तीच हत्यारं उचलली. देवगडकडच्या पोंभुर्ल्यात जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये दर्पण काढलं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला आणि त्याच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला परत जातीत घेण्याचा वाद पेटला, तेव्हा श्रीपतीच्या बाजूनं बाळशास्त्री उभे राहिले. विष्णुबुवा ब्रह्मचारी हेही कोकणातलेच. त्यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. ऐकायला गर्दी होई. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं खोडायचं, आणि पब्लिकनं दोघांनाही ऐकून घ्यायचं. सार्वजनिक जीवन म्हणतात ते अशा प्रसंगांतून घडतं. त्यात मिशनऱ्यांचा जेवढा वाटा, तेवढाच त्यांना सडेतोड उत्तर देणाऱ्यांचा.

स्कॉटलंडमधलीच एक घटना इथे सांगायला हवी, कारण सत्तेचा मुद्दा तिच्यात फार स्वच्छ दिसतो. तिथे गावच्या चर्चवर पाळक कोण नेमायचा, हा हक्क बहुधा जमीनदाराकडे असे. जागृतीतून आलेल्या लोकांना ते खपेना. आमचा पाळक आम्ही निवडू, म्हणाले. न्यायालयांनी जमीनदारांची बाजू घेतली. १८ मे १८४३ रोजी एडिंबरोच्या वार्षिक सभेतून चारशेहून जास्त पाळक उठून बाहेर पडले. पगार गेला, राहतं घर गेलं, चर्चची इमारत गेली. मुंबईत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी या बाहेर पडलेल्यांची बाजू घेतली आणि आपल्या शाळेच्या इमारतीवर पाणी सोडलं. भाड्याच्या जागांतून पुन्हा सुरुवात केली. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज म्हणजे त्याच शाळेचा विस्तार.

अर्थात मिशनरी पूर्णपणे सत्तेबाहेर होते, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. गोऱ्या माणसाच्या मागे गोऱ्यांचं सरकार उभं असे, आणि ऐकणाऱ्याला ते माहीत असे. रॉबर्ट वुडबेरी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं २०१२ मध्ये असं मांडलं की, जिथे असे प्रोटेस्टंट मिशनरी जास्त काळ होते तिथे पुढे लोकशाही जास्त रुजली. त्यावर चर्चा खूप झाली. नंतर काही अभ्यासकांनी तीच आकडेवारी तपासून हा निष्कर्ष टिकत नाही असंही म्हटलं. मी त्यावर इमारत बांधणार नाही. कोकणापुरतं शाळा, छापखाना आणि जाहीर वाद एवढं पुरेसं आहे.

करजगावचे टिळक, वेंगुर्ल्याचे गोहीन

नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना आणि घरच्यांना त्याची काय किंमत मोजावी लागली, ते मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. मला त्यांच्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की, त्यांनी चर्चमध्ये कीर्तन आणि अभंग आणला. मराठी प्रोटेस्टंट मंडळी आजही त्यांची गीतं गातात. दुसरं म्हणजे परदेशी पैशावर चालणारी मंडळी स्वतःच्या पायावर कधी उभी राहणार, हा प्रश्न त्यांनी मिशनच्या तोंडावर विचारला. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी देवाचा दरबार काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात बसू शकत होते. दोन वर्षांनी ते वारले आणि दरबार फार चालला नाही. पण ज्या काळात स्वराज्याची भाषा सगळीकडे बोलली जात होती, त्या काळात चर्चच्या आत तीच भाषा बोलणारा माणूस कोकणातला होता.

वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं दवाखाना चालवला. तिथल्या डॉ. गोहीन यांच्या घरी १९१९ मध्ये जन्मलेला मुलगा, रॉबर्ट गोहीन, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत होऊन दिल्लीत आला. बंदराच्या गावात जन्मलेल्या पोरानं एवढी मजल मारली, याचं वेंगुर्लेकरांनी जरा जास्त कौतुक करायला हरकत नाही.

वसई: जामीन, मिस्सा आणि मोर्चा

कॅथलिकांची वाट वेगळी. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर एक परिपत्रक काढलं. कारखानदारानं पोट भरेल एवढी मजुरी द्यावी, कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, आणि खासगी मालमत्ताही राहावी, अशी त्याची मांडणी होती. साम्यवाद्यांना ते पचलं नाही, मालकांनाही नाही. पण जगभरच्या धर्मगुरूंना त्यातून एक काम मिळालं. प्रवचन दिल्यावर लोकांच्या कर्जाचं काय, हेही बघायचं.

दुसरीकडे जर्मनीत फ्रीडरिश राइफायझेन नावाच्या एका श्रद्धाळू प्रोटेस्टंट महापौरानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शेतकऱ्यांच्या पतपेढ्या उभ्या केल्या होत्या. हिंदुस्थान सरकारनं १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा केला तेव्हा हा नमुना समोर होता. या दोन धाग्यांची गाठ वसईत पडलेली दिसते. १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानं बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँकेची सुरुवात झाली. केळी, पानवेली आणि भाजीच्या वाड्या करणारा शेतकरी तेव्हा सावकाराच्या दारात उभा असायचा.

अशी पतपेढी चालते कशी, ते जरा जवळून बघू. सावकार जमीन गहाण मागतो, कारण तो तुम्हाला ओळखत नाही. पतपेढी शेजाऱ्याचा जामीन मागते. म्हणजे कर्ज देताना असली माहिती लागते: हा माणूस पितो का, बैल विकून पळेल का, गेल्या वर्षीचं बियाणं त्यानं खरंच पेरलं का. ही माहिती मुंबईच्या बँकेकडे नसते. ती धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत असते, कारण तिथे प्रत्येक घर दर रविवारी एकमेकांच्या नजरेस पडतं. चर्चनं बँकेला भांडवल दिलं नाही, ओळख दिली. आज त्या बँकेत कुठल्याही धर्माच्या माणसाचं खातं असतं आणि पासबुक छापून घेताना लिओ पोपाची आठवण कुणाला येत नाही.

मोठा बदल १९६२ ते ६५ या काळात झाला. रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तोवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होई आणि धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभा राही. परिषदेनं लोकभाषांना वाट दिली. वसईत वेदीवर मराठी आली. शिवाय परिषदेनं बजावलं की चर्च म्हणजे फक्त धर्मगुरू नव्हे, सगळा प्रापंचिक समाज चर्च आहे, आणि जगाचे हर्ष-शोक हे आपलेच हर्ष-शोक मानायचे. यातून धर्मग्रामात सल्लागार मंडळं आली, महिलांचे गट आले, युवकांचे गट आले. मिस्सा संपता संपता जी निवेदनं होतात ती ऐका: कुणाकुणाची लग्नं ठरली, रक्तदान शिबिर कधी, सातबाऱ्याची काय भानगड झाली आहे आणि सभेला कुणी यायचं. मला त्या प्रवचनानंतरच्या पाच मिनिटांत जास्त रस आहे. एका सूचनेवर गावातली झाडून सगळी घरं कळवली जातात. ही यंत्रणा कुठल्या पक्षाकडे आहे?

ती यंत्रणा कशी चालते, हे १९८० च्या दशकाच्या शेवटी सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. मुंबई उत्तरेकडे फुगत होती. हिरव्या पट्ट्यातली जमीन बांधकामाला मोकळी होत होती, वाड्यांच्या बावखलांतलं (छोट्या तळ्यांतलं) आणि विहिरींतलं गोडं पाणी टँकरनं उपसून नव्या इमारतींना विकलं जात होतं. पाणी उपसलं की समुद्राचं खारं पाणी आत शिरतं आणि केळीची बाग बसते. विरोध करणं सोपं नव्हतं. बिल्डर, टँकरवाले आणि गुंड एकाच गाडीत बसत. नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून लोकांना उभं केलं. ते तेव्हा सुवार्ता या मराठी मासिकाचे संपादक होते. धमक्या आल्या. मोर्चात लाल लुगडी होती आणि गांधी टोप्याही होत्या. हा ख्रिस्त्यांचा प्रश्न आहे असं कुणी म्हणू शकलं नाही, कारण विहिरीला जात-धर्म नसतो आणि फादरांनीही तो तसा मांडला नाही. पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावरचं परिपत्रक काढलं ते २०१५ मध्ये, म्हणजे वसईनंतर पाव शतकानं.

हेच दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवडीनंतर विरोधही झाला, पण संमेलन झालं. २५ जुलै २०२४ ला ते गेले.

जिथे गाडी अडते

हे सगळं गोड गोड नाही. ज्या गावांनी मोर्चे काढले त्याच गावांतल्या अनेकांनी पुढे वाड्या विकल्या. चांगला भाव आला की मोर्चातली घोषणा मागे पडते. त्यात ख्रिस्ती-हिंदू असा फरक नाही. चर्चमधली जातही गेलेली नाही. लग्नं जुळवताना ती बरोबर वर येते, आणि एका वेदीपुढे गुडघे टेकणारी दोन घरं सोयरीक म्हटलं की मागे सरतात. या प्रश्नावर एकही जोरदार जागृती किनाऱ्यावर झाली नाही, हे मला सगळ्यात मोठं अपयश वाटतं.

दुसरी अडचण जागृतीच्याच पोटात आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये सुरू झालेली कॅरिस्मॅटिक चळवळ काही वर्षांत मुंबईत आणि तिथून किनाऱ्यावर पोचली. रिट्रीट, टाळ्या, साक्षी, आजार बरे होण्याच्या प्रार्थना. तिनं अनेकांची दारू सोडवली, मोडलेले संसार सांधले; त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण मोर्चाला येणारी माणसं आणि रिट्रीटला जाणारी माणसं एकच असतील, असं सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी एका आवारात नांदू शकतात, याचा पुरावा मात्र कोकणापासून लांब, केडगावला आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये प्रार्थनेची मोठी लाट आली, मुली तासन् तास रडून प्रार्थना करत. त्याच आवारात छापखाना, विणकाम आणि शेती चालू होती, आणि दुष्काळातून वाचवलेल्या मुली हे सगळं स्वतः चालवत.

आणि धर्मांतराचा संशय. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्याही आत होते, सुमारे १० लाख ८० हजार. तरी प्रार्थना सभा म्हटली की कुजबुज सुरू होते. कायदा काय म्हणतो तेवढं माहीत असावं. घटनेचं कलम २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला जोड दिली: प्रसार म्हणजे आपलं म्हणणं मांडणं; दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणणं हा मूलभूत हक्क नाही. निवडणुकीच्या बाबतीत लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ धर्माच्या नावानं मत मागणं भ्रष्ट आचार ठरवतं, आणि २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या खंडपीठानं चार विरुद्ध तीन अशा निकालानं त्याचा अर्थ आणखी रुंद केला. व्यवहारात याचा अर्थ असा की, फादर वेदीवरून विहिरीचं पाणी वाचवा म्हणू शकतात, मतदानाला जा म्हणू शकतात. अमुक उमेदवार आपल्या धर्माचा आहे म्हणून त्याला मत द्या, असा प्रचार झाला तर निवडूनही आलेल्याची निवडणूक अडचणीत येऊ शकते.

कॅथलिक सामाजिक शिकवणीत एक तत्त्व आहे, १९३१ च्या परिपत्रकात ते ठळकपणे आलं: खालच्या पातळीवर जे नीट होतं ते वरच्यानं बळकावू नये. ग्रामपंचायत जे करू शकते ते महापालिकेनं करू नये, असं साध्या शब्दांत. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली तेव्हा आम्हाला पंचायतच हवी, म्हणून पट्ट्यातली कित्येक गावं हट्टाला पेटली. पुढे २९ गावांचा प्रश्न वर्षानुवर्षं मंत्रालय आणि न्यायालयात हेलपाटे घालत राहिला. त्या आंदोलनात सगळ्या धर्मांचे लोक होते आणि बहुतेकांनी १९३१ चं परिपत्रक नावानंही ऐकलं नसेल. त्यांना घरपट्टी किती वाढेल आणि बांधकामाची परवानगी कोण देईल, एवढंच विचारायचं होतं.